मेटास्टेबल लिथियम कोबाल्ट ऑक्साइड: डेटाबेसमधली नोंद वाचायची कशी आणि पडताळायची कशी

बॅटरीवर प्रोजेक्ट घेतलेला एम.एस्सी.चा विद्यार्थी आजकाल भट्टीपाशी जायच्या आधी मटेरियल्स प्रोजेक्टच्या संकेतस्थळावर जातो. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतून २०११ पासून चालणारा हा डेटाबेस फुकट आहे, फक्त खातं उघडावं लागतं. तिथे लिथियम, कोबाल्ट आणि ऑक्सिजन निवडलं की नोंदींची लांबलचक यादी समोर येते. एकच सूत्र चार-पाच वेळा दिसतं, आणि बहुतेकांपुढे एक छोटासा, पण शून्यापेक्षा मोठा आकडा असतो. तो शून्याहून मोठा असला की पदार्थ मेटास्टेबल, म्हणजे सर्वांत स्थिर नसलेला, पण तरीही टिकून राहू शकणारा. इथेच नवखा माणूस दोनपैकी एक चूक करतो. एक तर 'अस्थिर आहे, सोडून द्या' म्हणून पुढे जातो, नाही तर 'आकडा लहान आहे, म्हणजे बनणारच' असं धरून चालतो.

हा लेख त्या मधल्या जागेसाठी आहे. उदाहरण म्हणून आपल्या मोबाइलच्या बॅटरीतला लिथियम कोबाल्ट ऑक्साइड घेऊ. प्रयोगशाळेत त्याला सगळे एलसीओच म्हणतात. एक लिथियम, एक कोबाल्ट, दोन ऑक्सिजन. १९८० साली ऑक्सफर्डमध्ये गुडइनफ, मिझुशिमा आणि सहकाऱ्यांनी त्यातून लिथियम आत-बाहेर करता येतं हे दाखवलं, १९९१ मध्ये सोनीने त्यावर आधारलेली बॅटरी बाजारात आणली. पण ही झाली त्याच्या स्थिर रूपाची गोष्ट. त्याच सूत्राची मेटास्टेबल भावंडंही आहेत, आणि आपलं काम त्यांच्याशी आहे.

पहिली पायरी: सूत्र नको, स्पेस ग्रुप बघा

यादीत सूत्राच्या शेजारी स्पेस ग्रुप, म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या मांडणीची सममिती सांगणारा गट, दिलेला असतो. त्याचा क्रमांक वहीत लिहून ठेवायची सवय लावा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

क्रमांक १६६ असेल तर ते नेहमीचं थरांचं रूप, ओ३. ऑक्सिजनच्या थरांमध्ये एक थर पूर्ण कोबाल्टचा, पुढचा पूर्ण लिथियमचा, अशी आलटून-पालटून रचना. हेच ८०० ते ९०० अंश सेल्सिअसला बनतं, म्हणून त्याला एचटी (हाय टेम्परेचर) असंही म्हणतात.

क्रमांक २२७ असेल तर ते एलटी (लो टेम्परेचर) रूप, म्हणजे कमी तापमानाला, साधारण ४०० अंशांना बनणारं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या सीएसआयआर या संशोधन संस्थेत गमो, थॅकरे आणि सहकाऱ्यांनी ते पुढे आणलं. यात ऑक्सिजनची मांडणी ओ३सारखीच आहे, बदल आहे तो धातूंच्या वाटणीत. एका थरात तीन भाग कोबाल्ट आणि एक भाग लिथियम, पुढच्यात बरोबर उलट. त्यामुळे ते थरांचं राहत नाही, स्पिनेल नावाच्या घनाकार रचनांच्या घराण्यात जातं.

क्रमांक १८६ म्हणजे ओ२. इथे थर ओ३सारखेच शुद्ध, पण ऑक्सिजनचे थर एकमेकांवर वेगळ्या क्रमाने रचलेले. हे सरळ भाजून मिळत नाही. आधी सोडियम कोबाल्ट ऑक्साइडचं पी२ रूप बनवायचं आणि मग कमी तापमानाला सोडियम काढून त्याच्या जागी लिथियम घालायचं. ही वाट देल्मास आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली फ्रान्समध्ये दाखवली.

यादीत याखेरीजही नोंदी दिसतील. त्यातल्या काही नुसत्या संगणकावर मांडलेल्या असतात, कोणीही कधीही न बनवलेल्या. पदार्थ प्रत्यक्ष प्रयोगात दिसला आहे का, याची स्वतंत्र खूण नोंदीत असते. ती आधी बघा.

आणखी एक ठेच इथेच लागते. एलसीओची नोंद उघडल्यावर बाजूची लांबी ४.९६ अँगस्ट्रॉमच्या आसपास आणि कोन ३३ अंश दिसला, तर घाबरू नका. तुमच्या पुस्तकात बाजू २.८१६ आणि उंची १४.०५ अँगस्ट्रॉम दिलेली असते, पण दोन्ही एकच. पेटी (युनिट सेल) म्हणजे स्फटिकात पुन्हापुन्हा येणारा तुकडा. डेटाबेस सर्वांत लहान, म्हणजे प्रिमिटिव्ह पेटी दाखवतो आणि पुस्तक षट्कोनी पेटी. पानावर कन्व्हेन्शनल पेटी निवडायची सोय असते. एलटीचंही तसंच. प्रिमिटिव्ह पेटीत ५.६५ अँगस्ट्रॉम आणि ६० अंश, कन्व्हेन्शनल पेटीत जवळजवळ ८ अँगस्ट्रॉमचा घन. आकडे दुसऱ्या-तिसऱ्या दशांशाला पुस्तकाशी जुळणार नाहीत, कारण ते गणिताने काढलेले आहेत.

दुसरी पायरी: हलच्या वरची ऊर्जा

आता तो छोटा आकडा. 'एनर्जी अबव्ह हल' म्हणजे हा पदार्थ त्याच मूलद्रव्यांच्या सर्वांत स्थिर पर्यायापेक्षा, किंवा पर्यायांच्या मिश्रणापेक्षा, ऊर्जेने किती वर आहे. त्या सर्वांत स्थिर पर्यायांच्या ऊर्जेची सीमारेषा म्हणजे हल. एकक असतं ईव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट) प्रति अणू.

सह्याद्रीतला एखादा गड डोळ्यांपुढे आणा. पायथा म्हणजे स्थिर रूप, मेटास्टेबल रूप म्हणजे माची. माचीवरचा दगड पायथ्याला जाऊ शकतो, पण कडेला तटबंदी असेल तर शतकानुशतकं तिथेच पडून राहतो. डेटाबेसमधला आकडा माचीची उंची सांगतो. तटबंदी किती उंच आहे, हे तो सांगत नाही. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा, कारण वर सांगितलेल्या दोन्ही चुका उंची आणि तटबंदी यांची गल्लत केल्याने होतात.

आकड्याचं मान कळण्यासाठी एक तुलना कामाला येते. २०१६ साली सायन्स ॲडव्हान्सेस या नियतकालिकात सुन, सेडर आणि सहकाऱ्यांनी याच डेटाबेसमधल्या, प्रत्यक्षात सापडलेल्या सुमारे ३०,००० पदार्थांचा हिशेब मांडला. त्यातले जवळपास निम्मे मेटास्टेबल निघाले. त्या मेटास्टेबल पदार्थांचा मध्यक हलच्या वर १५ मिली-ईव्ही प्रति अणूच्या आसपास, आणि त्यांतले ९० टक्के साधारण ६७ मिली-ईव्हीच्या आत. तेव्हा एलसीओच्या एखाद्या भावंडापुढे १० किंवा २० मिली-ईव्ही दिसले, तर त्यात जगावेगळं काही नाही. मात्र ही आकडेवारी बनलेल्या पदार्थांची आहे. २० मिली-ईव्हीवर असूनही कधी न बनलेल्या काल्पनिक रचना ढिगाने आहेत.

एककाचा हिशेब एकदा हाताने करून बघा. १ ईव्ही प्रति कण म्हणजे ९६.५ किलोज्यूल प्रति मोल. एलसीओच्या सूत्रात चार अणू. म्हणजे १० मिली-ईव्ही प्रति अणू म्हणजे प्रति सूत्र ४० मिली-ईव्ही, म्हणजे सुमारे ३.९ किलोज्यूल प्रति मोल. 'प्रति अणू' आणि 'प्रति सूत्र' यांत घोळ झाला की थेट चौपट चूक होते. रिसर्च पेपरांत दोन्ही वापरतात आणि कधीकधी सांगतही नाहीत.

आता आकड्याच्या शेजारी एक ओळ असते, जिच्याकडे बहुतेक जण बघतच नाहीत: पदार्थ कशात विघटित होईल. समोर एलसीओचंच ओ३ रूप लिहिलं असेल, तर आकडा म्हणजे निव्वळ दोन रचनांमधला फरक. अशा रूपांतरात काही बाहेर पडत नाही, आतल्या आत अणू सरकतात. पण समोर कोबाल्टचं दुसरं ऑक्साइड आणि ऑक्सिजन वायू लिहिला असेल, तर गोष्ट निराळी. तो ऑक्सिजन बॅटरीत ज्वलनशील इलेक्ट्रोलाइटच्या शेजारी सुटणार आहे. आकडा दोन्हीकडे सारखा असू शकतो, पण धोका सारखा नसतो.

हे सगळं गणित शून्य केल्व्हिनचं आहे, हेही विसरू नका. तापमान, अणूंची कंपनं, धातूंच्या जागांतली सरमिसळ यांचा त्यात समावेश नाही. दोन रूपांतला फरक ५ मिली-ईव्हीच्या घरात असेल, तर कोण वर आणि कोण खाली यावर पैज लावू नये.

तटबंदीबद्दल मग कळणार कसं? एक तर अडथळ्याची स्वतंत्र गणना करून, ज्याला संगणकावर बराच वेळ लागतो. दुसरं म्हणजे रचना बघून विचार करून, आणि हे नवख्यालाही जमतं. एलटीचं ओ३ व्हायला कोबाल्टला थर बदलावा लागतो. तीन धन विद्युतभारांचा कोबाल्ट अष्टफलकी (सहा ऑक्सिजनांनी वेढलेल्या) जागेत फार घट्ट बसतो, म्हणून खोलीच्या तापमानाला हे होत नाही. भट्टीत बऱ्याच वरच्या तापमानाला नेलं की होतं, आणि मग परतीची वाट नाही. ओ२चं ओ३ व्हायला ऑक्सिजनची रचनाच बदलावी लागते, तीही तापवल्यावरच बदलते. ओ२ला एक अनपेक्षित फायदाही आहे. स्पिनेलमध्ये ऑक्सिजनची रचना ओ३सारखी असते. त्यामुळे ओ३ रचनेतल्या काही पदार्थांना नुसते धातू हलवून स्पिनेलकडे घसरता येतं, तसं ओ२ला येत नाही. मँगनीजवाल्या कॅथोडांवर (बॅटरीच्या धन इलेक्ट्रोडांवर) काम करणाऱ्यांना ओ२मध्ये रस आहे, तो याचसाठी.

तिसरी पायरी: लहान आकड्याचा मोठा परिणाम, अर्थात व्होल्टेज

ओ३ रूपाचा सेल लिथियमसमोर साधारण ३.९ व्होल्टला चालतो. एलटी रूपाचा ३.४ ते ३.६ व्होल्टच्या पट्ट्यात. सूत्र तेच, ऊर्जेतला फरक मूठभर मिली-ईव्ही, आणि व्होल्टेजमध्ये एवढी दरी कशी? हे समजलं की डेटाबेस वाचण्यात अर्धी मजल मारली.

सरासरी व्होल्टेज काढायची रीत सोपी आहे. लिथियम काढलेल्या पदार्थाची ऊर्जा अधिक तेवढ्या लिथियम धातूची ऊर्जा, वजा लिथियमसह पदार्थाची ऊर्जा. उत्तराला किती लिथियम काढलं त्या संख्येने भागा. सगळं ईव्हीमध्ये आणि प्रति सूत्र घेतलं की उत्तर थेट व्होल्टमध्ये येतं.

आता समजा (आकडे फक्त हिशेबासाठी धरले आहेत) एलटी रूप ओ३पेक्षा प्रति सूत्र ०.०५ ईव्हीने वर आहे. प्रति अणू ते जेमतेम १२ मिली-ईव्ही. दोन्हींतून निम्मं लिथियम काढलं. निम्मं लिथियम उरल्यावर मात्र पारडं फिरतं. त्या प्रमाणाला खऱ्या स्पिनेलची रचना थरांच्या रचनेपेक्षा स्थिर ठरते, कारण उरलेलं लिथियम चतुष्फलकी (चार ऑक्सिजनांनी वेढलेल्या) जागांत जाऊन सुखाने बसतं. समजा तिथे एलटी ०.१० ईव्हीने खाली आहे. म्हणजे सुरुवात ०.०५ने वर, शेवट ०.१०ने खाली, एकूण फरक ०.१५ ईव्ही. आणि लिथियम काढलं आहे अर्धंच, म्हणून ०.५ने भागायचं. आलं ०.३ व्होल्ट.

यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. मेटास्टेबल कॅथोडसाठी फक्त लिथियमने भरलेल्या नोंदीचा हल-आकडा पाहून निर्णय घेऊ नका. त्याच रचनेची रिकामी किंवा अर्धी रिकामी नोंद शोधा आणि तिचाही आकडा पाहा. मटेरियल्स प्रोजेक्टमध्ये इलेक्ट्रोडसाठी वेगळा विभाग आहे, तिथे चार्ज आणि डिस्चार्ज दोन्ही स्थितींतली स्थिरता, सरासरी व्होल्टेज, क्षमता आणि आकारमानातला बदल एकाच ठिकाणी मिळतो. मात्र तिथे दिसणारं व्होल्टेज कोणत्या स्पेस ग्रुपच्या जोडीचं आहे, ते तपासल्याशिवाय वहीत उतरवू नका.

क्षमतेबद्दल थोडक्यात. एलसीओच्या सूत्रातलं सगळं लिथियम काढता आलं, तर २७४ मिलीअँपिअर-तास प्रति ग्रॅम मिळतात, आणि हा आकडा ओ३, ओ२, एलटी तिघांनाही सारखाच, कारण तो फक्त वजनावरून निघतो. प्रत्यक्षात नेहमीच्या एलसीओत ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज करून साधारण १४० मिळतात, म्हणजे निम्म्याच्या आसपास. डेटाबेसमधली क्षमता पाहून हुरळून जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

उरलेलं निम्मं का काढत नाहीत, याचं उत्तरही मेटास्टेबल असण्यातच आहे. अर्धं लिथियम काढलेलं थरांचं रूप स्वतःच मेटास्टेबल असतं. खिशातला पूर्ण चार्ज झालेला फोन म्हणजे माचीवरचा दगडच. तापमान साधारण २०० अंशांच्या वर गेलं की त्यातला काही भाग पुन्हा पूर्ण लिथियमवालं एलसीओ होतो, काही भाग कोबाल्टचं स्पिनेल ऑक्साइड होतो आणि ऑक्सिजन सुटतो. जितकं जास्त लिथियम काढाल, तितका हा कल वाढतो. स्थिर पदार्थ घेतला म्हणून मेटास्टेबल स्थितीपासून सुटका होत नाही, बॅटरी चार्ज करताना ती येतेच.

चौथी पायरी: बँड गॅप आणि चुंबकत्व, झटपट

बँड गॅपचा, म्हणजे इलेक्ट्रॉनला वाहता होण्यासाठी ओलांडाव्या लागणाऱ्या ऊर्जेच्या दरीचा, आकडा जपून घ्या. एलसीओचा प्रयोगातून मिळणारा गॅप २.७ ईव्हीच्या आसपास आहे. डेटाबेस नेहमीच्या पद्धतीत त्यापेक्षा बराच कमी दाखवू शकतो. तो दोष पदार्थाचा नाही, गणनेच्या पद्धतीचा आहे. कोबाल्टच्या ऑक्साइडांसाठी तिथे ३.३२ ईव्हीची यू-दुरुस्ती (कोबाल्टच्या इलेक्ट्रॉनांमधल्या परस्पर प्रतिकर्षणासाठी गणनेत घातलेली भर) वापरलेली असते. तुम्ही स्वतः गणना करणार असाल आणि तुलना करायची असेल, तर दुरुस्तीही तीच ठेवा. वेगवेगळ्या दुरुस्तींच्या ऊर्जा एकमेकींतून वजा करणं म्हणजे निव्वळ वेळ वाया घालवणं.

चुंबकत्वाचा आकडा मात्र उपयोगी. एलसीओतला कोबाल्ट लो-स्पिन असतो, सगळे इलेक्ट्रॉन जोडीने, म्हणून एकूण चुंबकत्व शून्य यायला हवं. नोंदीत किंवा तुमच्या गणनेत कोबाल्टवर मोठा चुंबकी मोमेंट दिसला, तर गणना चुकीच्या स्पिन स्थितीत अडकली आहे असं समजा, आणि तिची ऊर्जा वापरू नका.

पाचवी पायरी: भट्टीतून निघालं ते नक्की काय आहे

आता पावडर हातात आहे. कोबाल्टची संयुगं आरोग्याला घातक आहेत, श्वासातून जाणं तर अगदीच वाईट, तेव्हा खल करताना मास्क आणि हातमोजे हवेतच.

एक्सआरडीला (क्ष-किरण विवर्तनाने रचना ओळखायच्या चाचणीला) नमुना द्याल तिथे ऑपरेटरला कोबाल्ट आहे हे आधी सांगा. बहुतेक विद्यापीठांत तांब्याची ट्यूब असते, आणि तांब्याच्या क्ष-किरणांनी कोबाल्ट स्वतःच चमकू लागतो. पार्श्वभूमी इतकी वर येते की लहान शिखरं त्यात बुडतात. मोनोक्रोमेटर किंवा डिटेक्टरची ऊर्जा-खिडकी नीट लावली की पुष्कळ फरक पडतो. वेळ मिळत असेल तर ६४ ते ६८ अंशांचा (हे अंश तापमानाचे नव्हेत, २-थीटा कोनाचे) पट्टा सावकाश स्कॅन करून घ्या. पूर्ण स्कॅन घाईत झाला तरी चालेल, हा पट्टा घाईत नको.

कारण निकाल इथेच लागतो. ओ३ रूपात ६५.४ आणि ६६.३ अंशांच्या आसपास दोन सुटी शिखरं दिसतात. एलटीमध्ये रचना घनाकार असल्याने ती एकत्र येऊन ६६.१च्या आसपास एकच उरतं. तसंच ३८.४ आणि ३९.१ची जोडी एलटीमध्ये ३९.०ला एक होते. हेच पेटीच्या भाषेत सांगायचं तर षट्कोनी पेटीत उंची भागिले बाजू ओ३मध्ये ४.९९ येते आणि एलटीमध्ये ४.९०.

पण ४०० अंशांना बनलेल्या पावडरीचे कण बारीक असतात आणि शिखरं रुंद. दोन रुंद शिखरं एकमेकांत मिसळली तर तीही एकच वाटतात. म्हणून फक्त एक्सआरडीवर 'एलटी मिळालं' असं जाहीर करू नका, लेझरने अणूंची कंपनं दाखवणारा रामन वर्णपटही घ्या. ओ३मध्ये दोनच पट्टे, ४८५ आणि ५९५ प्रति सेंटिमीटरच्या आसपास. एलटीमध्ये चार: साधारण ४५०, ४८४, ५९० आणि ६०५. लेझरची ताकद कमी ठेवा, नाही तर नमुना तिथल्या तिथे तापून बदलेल आणि तुम्ही भलत्याच पदार्थाचा वर्णपट काढाल.

कोबाल्टचं स्पिनेल ऑक्साइड ही नेहमीची भेसळ. रामनमध्ये ते ६९०च्या आसपास ठळक पट्टा देतं, तोही अगदी थोडं असलं तरी. एक्सआरडीमध्ये त्याची बहुतेक शिखरं एलसीओच्या शिखरांजवळ येतात, पण ३१.३ अंशांची जागा मोकळी असते. तिथे उंचवटा दिसला की समजायचं, लिथियम कमी पडलं किंवा अभिक्रिया अपुरी राहिली.

घनतेची पडताळणीही करता येते, पण तिच्यावर फार विसंबू नका. पेटीच्या मापांवरून ओ३ ५.०५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर येतो आणि एलटी ५.०९. हा फरक पावडरीच्या साध्या मोजणीत हाताला लागणार नाही.

सहावी पायरी: सेल बनवल्यावर

कॉइन सेलच्या (नाण्याच्या आकाराच्या चाचणी-बॅटरीच्या) चार्जिंगच्या आलेखात एलटी शोधताना ओ३च्या सवयीने ३.९ व्होल्टपाशी नजर लावून बसू नका. एलटीची मुख्य हालचाल त्याच्या बरीच खाली होते. क्षमतेतला बदल भागिले व्होल्टेजमधला बदल असा डेरिव्हेटिव्ह आलेख काढा. खालच्या पट्ट्यातलं शिखर एलटीचं. त्याशिवाय ३.९ व्होल्टला लहानसं, टोकदार शिखर दिसत असेल, तर नमुन्यात थरांचं ओ३ मिसळलेलं आहे. हे फार वेळा घडतं, भट्टीचा एखादा कोपरा जास्त तापला तरी पुरेसं होतं. एक्सआरडीत लपलेलं ओ३ इथे पकडलं जातं.

शुद्ध एलटीचं चार्ज-डिस्चार्ज चक्र फारसं टिकाऊ नाही, हे आधीच माहीत असू द्या. त्यात थोडं निकेल किंवा ॲल्युमिनियम घालून ते सुधारायचे प्रयत्न प्रिटोरियातल्या दिवसांपासून चालू आहेत, आणि पुढे थॅकरे अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेल्यावर तिथेही झाले. लिथियम आत-बाहेर होताना घनाकार रचनेचं आकारमान फारसं बदलत नाही, म्हणून घन इलेक्ट्रोलाइटच्या बॅटऱ्यांसाठी या घराण्याकडे पुन्हा लक्ष वळलं आहे. नवा प्रोजेक्ट निवडायचा असेल तर मी शुद्ध एलटीपेक्षा असा मिश्र नमुना घेईन. मात्र डेटाबेसमधल्या नोंदीशी तुलना करताना त्याच मिश्रणाची, त्याच स्पेस ग्रुपची नोंद शोधा. ती नसेल तर शुद्ध एलटीचं व्होल्टेज तुमच्या आलेखावर काढू नका. स्वतः गणना करायची असेल आणि तुम्ही पुण्यात असाल, तर आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेतल्या परम ब्रह्म या महासंगणकावर वेळ मागता येतो का, हे आपल्या मार्गदर्शकांना विचारून घ्या.